उभ्या दांड्याची पवनचक्की

छावणीजवळ खाम नदीकाठी पाणचक्की आहे. ती २५० वर्षांहून जुनी. डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून येई, पात्यांवर पडे. मग जाते फिरे आणि पीठ पडे.

पाण्यासारखाच वाराही राबतो. पत्र्याचे रिकामे पिंप घेऊ. रॉकेल-पेट्रोलचे नको बरं! आतल्या वाफेला ठिणगी लागली, तर स्फोट होतो.

पिंप उभे चिरू. दोन्ही अर्धे भाग उभ्या दांड्याला उलटसुलट बसवू. एकाची पोकळ बाजू वाऱ्याकडे, दुसऱ्याची पाठ. पोकळीत वारा अडतो, पाठीवरून निसटतो. म्हणून चक्र फिरते. वारा कुठूनही येवो, तोंड वळवायला नको.

ही युक्ती फिनलंडच्या साव्होनियस यांनी सुमारे १०० वर्षांपूर्वी काढली. चक्र सावकाश फिरते. त्यावर लहान पंप चालेल, गिरणी नाही. वादळ दिसले, की चक्र दोराने बांधावे.