शिशाची भट्टी आणि अपत्यप्राप्ती

प्रश्न : वय ३२. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या कामावर आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. तपासणीत शुक्राणू कमी निघाले. कामाचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. तुमची शंका रास्त आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी या शेतीरसायनाचा असाच धोका उघड झाला, तोही कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून. शिशाची धूळ आणि धूर श्वासातून व हातातोंडातून रक्तात जातात आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल घटवतात. भट्टीची धग वेगळीच. तेव्हा टॉनिकवर पैसे घालवण्याआधी रक्तातील शिसे तपासून घ्या. ते जास्त निघाले तर भट्टीपासून दूरचे काम मागा. नवे शुक्राणू अडीच-तीन महिन्यांत तयार होतात, पण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे झिरपत राहते. त्यामुळे सुधारणेला वेळ लागेल. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. हात धुतल्याशिवाय डबा, तंबाखू नको. कामाचे कपडे घरी नेऊ नका, ती धूळ पत्नीलाही बाधते. तिची तपासणीही सोबतच करा. शिसेबाधा हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. डॉक्टरांना तुम्ही नेमके काय काम करता, ते न विचारताही सांगा.