‘गिव्ह अप’ : एका इंग्रजी क्रियापदाचा पाठ

इंग्रजीतील सुटे शब्द शिकविणे फारसे अवघड नाही. परंतु दोन सोपे शब्द एकत्र आले म्हणजे त्यांचा अर्थ कित्येकदा अगदी परका होतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे लहान इयत्तांतील मुलांसही ठाऊक असते. तथापि ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ नव्हे. सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. म्हणून हा प्रश्न पोशेरा येथील शिक्षकांपुढे जसा येतो, तसाच मोखाडा-जव्हारच्या दूरच्या पाड्यावरील शिक्षकांपुढेही येतो. अर्थ फळ्यावर लिहून पाठ करवून घेतल्यास तो परीक्षेपुरताच टिकतो. तो मुलाच्या स्वतःच्या बोलीतून उमलला पाहिजे.

याकरिता प्रथम मराठीकडे वळावे. ‘काकांनी तंबाखू सोडून दिली’ हे वाक्य घ्यावे व ‘काकांनी तंबाखू कोणास दिली?’ असे वर्गास विचारावे. मुले हसतील, कारण येथे कोणी कोणास काहीच दिलेले नाही. ‘देणे’ हे क्रियापद येथे आपला मूळ अर्थ टाकून ‘सोडणे’ या क्रियेस पूर्णता आणते. यासच आपल्या व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणतात. ‘खाऊन टाक’, ‘लिहून काढ’, ‘विसरून जा’ ही त्याचीच उदाहरणे होत. इंग्रजीत हेच काम मुख्य क्रियापदामागून येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे लहान शब्द करतात. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’, ‘ड्रिंक अप’ म्हणजे ‘पिऊन टाक’. एवढे ध्यानी आले म्हणजे ‘गिव्ह अप’ परके राहत नाही.

या क्रियापदाचे मुख्य अर्थ पाच आहेत.

१. सवय सोडणे. ‘माय अंकल गेव्ह अप टोबॅको.’ येथे ‘स्टॉप’ व ‘क्विट’ हे समानार्थी शब्द चालतात.

२. प्रयत्न सोडणे, हार मानणे, हात टेकणे. कोडे सुटेना म्हणजे आपली मुले ‘हरलो, आता तूच सांग’ असे म्हणतात. इंग्रज मूल तेथे ‘आय गिव्ह अप’ म्हणते. या अर्थाचा पाठ कोड्यांच्या खेळाने उत्तम होतो.

३. हक्क, पद वा वस्तू यांचा त्याग करणे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी सरकारने दिलेल्या ‘सर’ या किताबाचा त्याग केला. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा तेथील राजांनी आपली सत्ता सोडली. या तिन्ही ठिकाणी ‘गेव्ह अप’ शोभते. एस. टी. गाडीत म्हाताऱ्या आजीस आपली जागा देणे हेही ‘गिव्ह अप’च होय. ‘रिनाउन्स’, ‘रेलिंक्विश’ आणि पदापुरते ‘रिझाइन’ हे येथील समानार्थी शब्द होत.

४. स्वाधीन होणे. ‘द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप.’ समानार्थी शब्द ‘सरेंडर’.

५. आशा सोडणे. ‘गिव्ह अप होप’ म्हणजे आशा सोडणे. आणि ‘गिव्ह अप ऑन’ म्हणजे एखाद्या माणसाविषयी ‘आता याचे काही व्हायचे नाही’ असे ठरवून मोकळे होणे.

समानार्थी शब्द एकाच्या जागी दुसरा बेलाशक ठेवता येतात, असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नये. काकांनी तंबाखू ‘रिनाउन्स’ केली असे म्हणणे म्हणजे त्यांनी तंबाखूचा संन्यास घेतला असे म्हणण्यासारखे हास्यास्पद आहे. ‘रिनाउन्स’मध्ये गांभीर्य आहे, ‘क्विट’मध्ये रोजच्या बोलण्याचा मोकळेपणा आहे, ‘सरेंडर’मध्ये समोर कोणी बलवान उभा आहे. ‘गिव्ह इन’ हे तर निराळेच क्रियापद. त्याचा अर्थ नमते घेणे.

रचनेचे दोन नियम पुरेसे आहेत. नाम मागे किंवा मध्ये येऊ शकते. परंतु सर्वनाम मध्येच येते. ‘गिव्ह इट अप’ हे शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ हे अशुद्ध. दुसरे असे की, पुढे क्रिया सांगावयाची असल्यास तिचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते : ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘गिव्ह अप टु स्मोक’ नव्हे.

पाठ घेताना आणखी एक पायरी वगळू नये. या भागातील अनेक मुलांच्या घरी वारली, कातकरी, ठाकूर वा कोकणा समाजाची बोली बोलली जाते. त्यांच्या दृष्टीने ‘सोडून देणे’ हीसुद्धा शाळेत आल्यावर शिकलेली भाषा असते. म्हणून ‘तुमच्या घरी यास काय म्हणतात?’ असे विचारावे आणि मिळेल तो शब्द मराठी व इंग्रजी शब्दांच्या बरोबरीने फळ्यावर लिहावा. आपल्या आईचा शब्द फळ्यावर पाहिलेले मूल त्याच्या शेजारचा इंग्रजी शब्द सहसा विसरत नाही.

आता पाचव्या अर्थाविषयी. तो मुलांपेक्षा शिक्षकांनीच अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. दिवाळीनंतर या भागातील कित्येक कुटुंबे वीटभट्टीच्या वा इतर मजुरीसाठी बाहेर पडतात. मुलेही त्यांच्या मागून जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तोवर वाचन मागे पडलेले असते, आकडे विसरलेले असतात. अशा मुलाविषयी ‘त्याने शाळा सोडली’ असे हजेरीपटावर सहज लिहिले जाते. वस्तुतः पुष्कळदा शाळा त्याने सोडलेली नसते. त्याची आशा शाळेने सोडलेली असते. पहिले ‘गिव्ह अप’, दुसरे ‘गिव्ह अप ऑन’. मध्ये एका लहानशा शब्दाचा फरक आहे, पण त्याने दोष एकाकडून उचलून दुसऱ्याच्या पदरात घातला जातो.

याच जिल्ह्यातील उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाड येथे नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली. मुले जेथे गुरे चारीत, तेथे शाळाच गेली. त्यांनी चार भिंतींचा आग्रह सोडून दिला, मुलांची आशा सोडली नाही. इंग्रजीत दोन्ही वाक्ये ‘गिव्ह अप’नेच होतात, काय सोडावे व काय सोडू नये, हा विवेक मात्र कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही.

पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलाने ‘आय विल नॉट गिव्ह अप’ हे वाक्य आपल्या मनाची एक गोष्ट जोडून पूर्ण करावे. परत आलेल्या मुलाची पाळी प्रथम असावी, आणि त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत शिक्षकाने थांबावे.