आग्या मोहोळाचा राग कोठे असतो?

कामठ्याला आमच्या शेताच्या बांधावर वडाचे जुने झाड आहे. त्यावर दरवर्षी आग्या मोहोळे लागतात. मी अकरावीत असताना कोणी तरी झाडाखाली पालापाचोळा पेटविला आणि माशा उठल्या. बाबांनी पहिली माशी मानेवरच चिरडली, दुसरीवर दुपट्टा फिरविला. आणि पाहता पाहता माशांनी त्यांना घेरले. शेजाऱ्यांनी घोंगडे टाकून त्यांना घरी आणले. ताप उतरल्यावर ते म्हणाले, "माशी डसली का केळं पिकल्यावानी वास येत होता गा." आम्हाला तो तापातला भ्रम वाटला. आजीने देवाचा कोप म्हणून नारळ फोडला.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला जमावाचे वर्तन शिकताना तो वास मला पुन्हा आठवला आणि मी ग्रंथालयात शोध सुरू केला.

आग्या माशीचे पोळे उघड्यावर, एकाच फळीचे असते. त्यावर हजारो माशा पडद्यासारख्या बसलेल्या असतात. गांधीलमाशी जवळ आली की त्या ओळीने पोटाचा भाग वर उचलतात आणि पोळ्यावरून क्षणार्धात लाट धावते. शत्रू बहुधा तेवढ्यानेच दूर राहतो. म्हणजे डंख हे माशीचे पहिले शस्त्र नव्हे. माणसाला डंख मारल्यास नांगी कातडीत रुतून तुटते व माशी मरते. एवढी किंमत द्यायची की नाही, हे ठरवतो तिचा मेंदू.

हा मेंदू सुमारे एक घन मिलिमीटरचा. त्यात दहा लाखांच्या आसपास मज्जापेशी. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. रुतलेल्या नांगीजवळून एक द्रव्य हवेत पसरते. आयसोपेंटिल अ‍ॅसिटेट हा त्यातील मुख्य घटक १९६२ साली ओळखला गेला. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो! बाबांचे नाक खरे बोलत होते.

हा वास माशीच्या मिशांना कळतो. तेथून संदेश मेंदूच्या गंधकेंद्रात व पुढे वरच्या केंद्रांत जातो. पाळीव युरोपीय मधमाशीवरील २०१८ सालच्या संशोधनात असे आढळले की, या वासाने मेंदूतील सेरोटोनिन व डोपामिन ही द्रव्ये वाढतात आणि माशी डंखास अधिक प्रवृत्त होते. एकीच्या डंखाने दुसरीचा मेंदू बदलतो, दुसरीच्या डंखाने तिसरीचा. येथे कोणी सेनापती नाही, हुकूम नाही. राणीमाशीही आज्ञा देत नाही. मोहोळाचा राग एका जागी नसतोच. तो वासाच्या रूपाने हवेत असतो आणि प्रत्येक मेंदूत थोडा थोडा.

याच माशीवर २०१५ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. धोक्याच्या वासाबरोबर काही फुलांचा सुगंध दिला, तेव्हा माशा डंखाला उद्युक्त झाल्या नाहीत. अन्नाची आशा मेंदूत रागावर मात करते, हे मला फार मोलाचे वाटते.

मित्रहो, आपण खेड्यांतून येतो, म्हणून हे लक्षात ठेवा. माशा उठल्या तर त्यांना झटकू नका, चिरडू नका; चिरडलेली माशीही तोच वास सोडते. तोंड झाकून दूर पळा, बंद घरात शिरा आणि नांगी ताबडतोब खरवडून काढा. डंख फार झाले, किंवा श्वास लागला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

दिवाळीच्या सुटीत मी हे सारे घरी वाचून दाखविले. आजी म्हणाली, "देवानंच तसं बनवलं असंल." त्यावर मी वाद घातला नाही. वडावर या वर्षीही मोहोळ आहे आणि काही जण मशाली घेऊन ते जाळायला निघाले होते. बाबांनी त्यांना बांधावरच अडविले. शाळेची पायरी न चढलेले माझे बाबा त्यांना समजावीत होते, "त्यायले राग नसते गा, वास असते. आपण पेटवलं तर उठतील."

मशाली विझल्या. मला वाटले, माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग झाला.