बसून येणारा थकवा

सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव
मृगाचा पहिला आठवडा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागदावर लिहिते आहे. धाकटा फोटो काढून पाठवील.

दिवसभर अभ्यासिकेत खुर्चीवर असतो, साधं टोपलं उचलत नाही, तरी संध्याकाळी अंगात त्राण राहत नाही, असं तू लिहिलंस. तिकडे बाबा रानात राबतात आणि मी त्यांच्या पैशावर पुण्यात बसून दमतो, याची लाज वाटते, असंही लिहिलंस. आधी ती लाज बाजूला ठेव. माणूस एकदा स्वतःला आळशी म्हणून मोकळा झाला की पुढे कारण शोधत नाही. तीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव फिरले, तेव्हा ‘अंगात जीव नाही’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं. प्रत्येकाचं वाक्य तेच, कारण मात्र निरनिराळं.

बसून येणारा थकवा खोटा नसतो. इटलीतल्या तुरीनमध्ये आंजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. थकव्यावरचं त्याचं पुस्तक १८९१ सालचं. बोटाला वजन बांधायचं, ते ठरावीक ठेक्यात उचलत राहायचं आणि बोट हलेनासं होईपर्यंतचा आलेख काढायचा, असं यंत्र त्यानं केलं होतं. त्याच्या एका सहकाऱ्यानं विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि मग बोट यंत्राला लावलं, तर ते एरवीपेक्षा फार लवकर थांबलं. हातानं काहीच काम केलेलं नव्हतं. परीक्षा घेणाऱ्याची ही गत, मग देणाऱ्याची काय सांगावी!

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण आपण निवांत बसलेलो असताना लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. अवघड गणित सोडवताना हा खर्च फारसा वाढत नाही, ही त्यातली गंमत. म्हणजे साखर संपली म्हणून डोकं चालेनासं झालं, असं नसतं. तुझ्या खोलीतल्या त्या ग्लुकोज पावडरच्या डब्याचे पैसे वाचव. २०२२ साली पॅरिसच्या संशोधकांनी काही जणांना दिवसभर अवघड बौद्धिक काम दिलं आणि काहींना सोपं. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं द्रव्य जास्त साचलेलं दिसलं. तीच माणसं संध्याकाळी मोठ्या पण उशिरा मिळणाऱ्या लाभापेक्षा थोड्या पण लगेच मिळणाऱ्या लाभाकडे वळत होती. रात्री पुस्तक समोर उघडं ठेवून तू तासभर रील्स बघतोस आणि मग स्वतःला शिव्या देतोस, त्याचंही मूळ बहुधा इथंच असावं. तो दोष स्वभावाचा कमी आणि वेळेवर न थांबण्याचा जास्त.

चहाचंही सांगते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं, त्यानं झोप येते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, पण साचलेलं कमी करत नाही. ते काम झोपेचं. रात्री अकराला टपरीवर जाऊन तुम्ही पोरं थकवा घालवत नाही, उद्यावर ढकलता.

आता तुझ्या बाबांबद्दल. दादा थकत नाही असं तुला वाटतं, ते चूक आहे. रात्री त्याचे पाय किती ठणकतात हे वहिनीला विचार. पण त्याच्या कामाला शेवट असतो. एवढं रान कुळवून झालं, औत सोडलं, संपलं. केलेलं काम डोळ्यांना दिसतं. तुझ्या अभ्यासाला असा बांध नाही. कितीही वाचलं तरी शेजारच्यानं जास्त वाचलेलं असतं. त्यात जाहिरात कधी येईल, जागा किती निघतील, निकाल कधी लागेल, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. माझ्या मते तुला अभ्यासानं जेवढं थकवलं नाही, तेवढं या वाट बघण्यानं थकवलं आहे. हे मी अंदाजानं म्हणत नाही. वाट बघून थकलेली माणसं मी याच गावात पाहिली आहेत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हादरली. आपली जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. झोपेतल्या माणसांवर सगळं कोसळलं. लातूर-उस्मानाबादेत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली, त्यांत आपलं सास्तूरही. तुला हे शाळेतल्या धड्यासारखं पाठ आहे. धड्यात नसलेलं सांगते.

पहिले पंधरा-वीस दिवस कोणी थकलं नाही. ढिगारे उपसले, प्रेतं जाळली, पुरली, जखमींना हलवलं, आणि पुरेशी झोप कुणालाच नव्हती. तरी माणसं उभी होती. हान्स सेल्ये नावाच्या डॉक्टरनं १९३६ साली मांडलेलं मला खूप नंतर एका प्रशिक्षणात कळलं. संकट आलं की शरीर आधी खडबडून उठतं, मग नेट धरतं, आणि ताण सरलाच नाही तर शेवटी मोडतं. अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल हे अंतःस्राव माणसाला काही काळ उचलून धरतात. कायम नाही.

थकवा आला तो नंतर, पत्र्याच्या शेडमध्ये. मदतीचे ट्रक कमी झाले, फोटो काढणारे परत गेले, आणि नवं घर कधी मिळणार याची वाट बघणं तेवढं उरलं. तेव्हा धडधाकट बाप्ये उपकेंद्रावर येऊन म्हणायचे, ‘बाई, हातपाय गळाल्यात, सलाईन लावा.’ बायका म्हणायच्या, अंग मोडून येतं, भाकरी थापवत नाही. नाडी ठीक, ताप नाही. आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा देवाइतकी आहे, म्हणून हिशेब सांगून ठेवते: पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. एका भाकरीची ताकदही त्यात नाही. त्या माणसांना हवी ती गोष्ट बाटलीत नव्हतीच. भूकंपातून वाचलेल्या काही गावकऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं होतं. १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजार होता, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. आपल्या माणसांना ‘मला दुःख झालंय’ असं म्हणता येत नाही. ती म्हणतात, अंग दुखतंय.

त्याच काळात आसपासच्या, जिथं घरं दुरुस्त करून राहायचं होतं अशा गावांत बायकांना संवाद सहायक नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं तो घाट घातला होता. घर मजबूत कसं करायचं, अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, हे त्या घरोघर समजावायच्या. त्यांचं दुःखही काही लहान नव्हतं आणि पायपीट तर दुप्पट. पण ‘हातपाय गळाले’ ही तक्रार त्यांच्याकडून मी कमी ऐकली. हे माझं डोळ्यांनी पाहिलेलं. शास्त्र म्हणून सांगत नाही.

पण म्हणून लगेच ‘मनाचं आहे’ असं ठरवून बसू नकोस. नर्सबाई म्हणून माझा क्रम पक्का आहे: आधी रक्त, मग झोप, मग मन. उलट क्रमानं जाणारे फसतात. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, रक्त कमी असलेल्या आहेत, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. त्यांतल्या कितीतरी जणी घरात ‘कामचुकार’ म्हणून बोलणी खातात. तू पुरुष आहेस म्हणून सुटलास असं नाही. आपल्या घरात माळ, मांस-अंडी नाहीत. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, दूध-दह्यातून मिळतं, आणि मेसचं ताक म्हणजे पांढरं पाणी. बी-१२ कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, वाचलेलं लक्षात राहत नाही. तू तिन्ही लिहिलं आहेस. तेव्हा हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घे. पुरुषाचं हिमोग्लोबिन तेराच्या खाली असलं तर कमी धरतात. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

झोपेचं नवं काही सांगण्यासारखं नाही. सात तास. चार तास झोपून पास झालेल्यांच्या मुलाखती बघणं बंद कर. चार तास झोपून नापास झालेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

रिपोर्ट चांगले आले, झोपही नीट होते, तरी मरगळ जात नाही, असं झालं तर मनाकडे वळायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामातून येणाऱ्या कोमेजण्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी हे नोकरीपुरतं म्हटलं आहे, पण दहा-दहा तास अभ्यासिकेत बसणाऱ्याला ते लागू करायला मला हरकत दिसत नाही. कडवटपणाची खूण विशेष बघ. पास झालेल्या मित्राचा सत्कार बघून तुला जे वाटलं ते तू प्रामाणिकपणे लिहिलंस. दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच गोडी उरली नाही, जगण्याचा कंटाळा मनात आला, तर डॉक्टरकडे जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्यात कमीपणा कसला?

राहता राहिलं वाट बघणं. ते मला थांबवता येणार नाही, पण त्याला बांध घालता येईल. रोजचा अभ्यास किती तासांचा आणि कुठल्या धड्यापर्यंतचा हे सकाळी ठरव आणि तेवढा झाला की पुस्तक मिट, शेजारचा बसलेला असला तरी. आठवड्यातून एकदा हातापायांचं, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी कर. आणि किती प्रयत्न करायचे, त्याचा आकडा दादाबरोबर बसून आत्ताच ठरव. तो रागावेल असं तुला वाटतं. मी त्याच्याशी बोलले आहे. त्याला तुझ्या तब्येतीची काळजी आहे, पदाची नंतर.

गेली दोन वर्षं तू येळवशीच्या सणाला आला नाहीस, अभ्यास बुडतो म्हणून. यंदा यायचं. कोपीजवळ बसून भज्जी खायची, आंबील प्यायची, आणि त्या दिवशी परीक्षेचं नाव कोणी काढणार नाही ही जबाबदारी माझी.

रक्ताच्या तपासणीचे पैसे धाकट्याकडून तुझ्या खात्यावर टाकले आहेत. ते मेसच्या बिलात घालू नकोस. येत्या सोमवारी उपाशीपोटी जाऊन रक्त दे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव.

तुझी,
आक्का आत्या