शुमी : दान की देणे?

दान म्हटले की देणारा मोठा आणि घेणारा लहान, अशी समजूत आपल्या मनात नकळत घर करून बसते. ही समजूत उलटवणारे एक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. प्रस्तुत लेखात आपण त्याचा विचार करू.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी ओलोनी लोक हजारो वर्षांपासून राहत आले. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी तेथे मिशन सॅन होजे स्थापन केले. मिशनमध्ये ओलोनींना राबवून घेतले गेले, रोगराईने ते मोठ्या संख्येने दगावले. (हे ठिकाण आजच्या फ्रीमाँट शहरात येते. तेथे आपली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात.) १८५१-५२ मध्ये अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातील जमातींशी १८ करार केले. सिनेटने त्यांपैकी एकही मंजूर केला नाही आणि ते कागद १९०५ पर्यंत गुप्त राहिले. पुढे १९२५ साली अल्फ्रेड क्रोबर या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ही जमात जवळजवळ नामशेष झाल्याचे लिहिले. माणसे जिवंत होती, लेखणीने त्यांना संपवले! आजही त्यांना केंद्र सरकारची मान्यता नाही, म्हणून राखीव जमीनही नाही.

अशा वेळी कोरीना गूल्ड व जोनेला लारोझ या दोन स्त्रियांनी सोगोरेआ ते लँड ट्रस्ट उभा केला. ट्रस्टने 'शुमी' नावाचा जमीन-कर सुरू केला. चोचेन्यो भाषेत शुमी म्हणजे भेट. कर म्हटले तरी सक्ती कसलीच नाही. त्या भूमीवर राहणाऱ्या बिगर-आदिवासी माणसाने, मग तो घरमालक असो वा भाडेकरू, आपल्या घरातील खोल्यांच्या हिशेबाने दरवर्षी ठराविक रक्कम स्वेच्छेने द्यावी, एवढेच. पैसा कोठे खर्च करायचा हे मात्र देणारा ठरवत नाही. आमच्या मते साऱ्या योजनेचे मर्म येथेच आहे. ज्याची जमीन गेली त्याच्यापुढे अटी मांडून केलेली मदत समेटाकडे नेत नाही.

फळ काय मिळाले? २०२२ मध्ये ओकलंड शहराने आपल्या एका उद्यानातील सुमारे ५ एकर जागेचा वापर ट्रस्टकडे सोपवला, अर्थात कागदोपत्री मालकी शहराकडेच राहिली. बर्कलीची गोष्ट याहून मोठी. तेथे शिंपल्यांचा प्राचीन टेकाड होता, ओलोनींचे दफनस्थळ. तो सपाट करून पुढे त्यावर मोटारी उभ्या करण्याची जागा झाली. तेथे इमारती उठू नयेत म्हणून कोर्टात अनेक वर्षे झगडा चालला. अखेर २०२४ मध्ये ही सुमारे २.२ एकर जागा २ कोटी ७० लाख डॉलरला घेऊन ट्रस्टला देण्याचे ठरले. शहराने १५ लाख दिले, बाकी ट्रस्टने. त्यात २ कोटी एकाच प्रतिष्ठानाने शुमी म्हणून दिलेले होते. घराघरांतून येणारी वार्षिक रक्कम एवढी किंमत पेलण्यास पुरी पडली नसती, हे अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

आता तेथील डांबर उखडून खाली गाडलेला ओढा पुन्हा वाहता करावा, असा ट्रस्टचा मानस आहे.