टाचदुखी : उपचारांची निवड व काळ

विंचूर उपबाजारात उन्हाळ कांद्याची आवक एप्रिल-मे महिन्यांत वाढते आणि त्याच सुमारास टाच धरून येणारे रुग्णही वाढतात. गोण्या वाहणारे हमाल व खळ्यांवर राबणाऱ्या स्त्रिया यांत अधिक. बहुतेकांच्या हाती क्ष-किरण चित्र असते व 'हाड वाढले आहे' हे वाक्य पाठ झालेले असते. वस्तुतः असा अस्थ्यंकुर वेदनारहित टाचांतही पुष्कळदा आढळतो. सकाळची पहिली पावले असह्य, थोडे चालल्यावर उतार, दीर्घकाळ उभे राहिल्यावर पुन्हा वाढ आणि टाचेच्या तळाशी आतील बाजूस दाबता वेदना, एवढ्यावर तळपायाच्या पट्ट्याची, म्हणजे प्लांटार फॅशियाची, विकृती ओळखता येते.

आपण यास सरसकट वातकण्टक म्हणतो. सुश्रुतांनी विषम पडलेले पाऊल हा हेतू सांगितला, वाग्भटांनी त्यात श्रमाची भर घातली. मात्र त्यांचे अधिष्ठान घोट्याकडे अधिक झुकते. तेव्हा नावापेक्षा हेतू व स्नायुगत वात यांवर दृष्टी ठेवणे हितावह.

निदान पक्के होण्यापूर्वी काही रुग्ण वेगळे काढावेत. तरुणाच्या दोन्ही टाचा दुखतात व पहाटे कंबर आखडते, तेथे संधिविकाराचा शोध घ्यावा. टाच दोन्ही बाजूंनी दाबता तीव्र वेदना झाल्यास अस्थिभंगाची शंका घ्यावी.

अग्निकर्माचा मोह अनेकांना होतो, कारण उपशय त्वरित दिसतो. परंतु सुश्रुतांनी शरद व ग्रीष्म ऋतूंत ते वर्ज्य सांगितले आहे. अपवाद केवळ आत्ययिक व्याधीचा, तोही प्रतिकार करूनच. टाचदुखी आत्ययिक नव्हे. आमच्याकडील गर्दी नेमकी ग्रीष्मात येत असल्याने शलाका तापविण्याऐवजी या काळात स्नेहन, उपनाह व कोष्ठ पाहून रात्री एरंडतेल द्यावे. अग्निकर्म पुढे, आवश्यकता उरल्यास. प्रमेही हा अस्वेद्य व म्हणून दाहासही अयोग्य. बधिर पावलावरील दाहव्रण भरता भरत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र दुर्लक्षित राहतो. अंथरुणातच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यांतील पहिली खेप पाऊल जमिनीला टेकण्यापूर्वी. जोडीला मऊ, किंचित उंच टाचेचे पादत्राण. हमालास विश्रांती सांगणे सोपे, पाळणे त्यास परवडत नाही. किमान अनवाणी वाहणे तरी थांबवावे.

स्टेरॉइडच्या सुईने लाभ होतो, पण तो बहुधा काही आठवड्यांचा. वारंवार टोचल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेची चरबी झिजण्याचा धोका असतो. जड ओझे वाहणाऱ्यास हे दोन्ही महाग पडते. बहुसंख्य रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात, हे रुग्णास प्रथमच सांगावे. सहा महिन्यांत काहीच फरक न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. महावातविध्वंसनात वत्सनाभ, तर अग्नितुंडीत कुचला आहे. ही द्रव्ये औषध नियमावलीच्या ई-१ परिशिष्टात येतात, तेव्हा वैद्याच्या चिठ्ठीविना ती औषधे देऊ नयेत. आणि लेबल नसलेली, तासाभरात टाच मोकळी करणारी 'जडीबुटीची' पुडी रुग्णाने दाखविल्यास तीत वेदनाशामक वा स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. अशी पुडी दीर्घकाळ घेत असलेल्यास ती एकाएकी बंद करण्यास न सांगता आधी वैद्याकडे धाडावे.