काळजावरची साय

प्रश्न : मी रियाधच्या अल सुलै भागात एका गोदामात कामाला आहे. इथल्या कमाईतून धाकट्या भावाला माणगाव तालुक्यात पोल्ट्रीची शेड बांधून दिली. कंपनीच्या करारावर तो पाच हजार बॉयलर पक्षी ठेवतो. पावसाळ्यात आणि थंडीत चौथ्या आठवड्यात हमखास मर लागते. गेल्या थंडीत त्यानं मेलेला पक्षी फाडून मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. काळजावर आणि कलेजीवर पांढरट-पिवळा पापुद्रा होता. सुपरवायझर म्हणतो, ‘ई-कोलाय आहे, डोस चालू करा.’ भाऊ म्हणतो, ‘पिल्लंच खराब आली होती.’ खरं कोणाचं? आणि इथे आम्ही रूमवर जी कोंबडी आणतो, तिच्यातही हेच जंतू असतात का?
— एक वाचक, अल सुलै, रियाध

उत्तर : दोघंही अर्धं खरं सांगताहेत, आणि दोघांच्याही बोलण्यातून शेड सुटली आहे.

आधी पापुद्र्याचं बघू. दुधावर साय धरावी तसा तो दिसतो, चिमटीत धरून ओढला तर सोलूनही येतो. ई-कोलायचा जंतू रक्तातून पसरला की पक्ष्याचं शरीर त्याला अडवण्यासाठी फायब्रिन नावाचं प्रथिन ओततं, त्याचा हा थर. हृदय आणि यकृत दोन्ही असे झाकलेले दिसले की सुपरवायझरचा अंदाज बहुधा बरोबर निघतो. मात्र हा जंतू बाहेरून चाल करून आलेला नसतो. थिओडोर एशरिख या डॉक्टरनं १८८५ मध्ये तो प्रथम वर्णन केला तो तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून. माणसाच्या, गुराच्या, धडधाकट कोंबडीच्याही आतड्यात तो असतोच. तुमच्या भावाच्या शेडमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता. मग मर चौथ्याच आठवड्यात का लागते?

त्याचं उत्तर शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या तुसात आहे. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं. चौथ्या आठवड्यात पाच हजार पक्षी दिवसाला हजार लिटरच्या आसपास पाणी पितात, आणि त्यातलं बरंचसं विष्ठेवाटे आणि श्वासावाटे शेडमध्येच बाहेर पडतं. पक्षी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर दिसणारी पांढरी टोपी म्हणजे युरिक आम्ल. तूस ओलं झालं की त्यातले जंतू या आम्लापासून अमोनिया तयार करतात. पावसाळ्यात कोकणातली हवा तूस सुकू देत नाही. थंडीत पिल्लांना गारठा नको म्हणून रात्रभर पडदे खाली सोडलेले असतात आणि वायू आतच कोंडतो.

पक्ष्याच्या श्वासनळीला आतून बारीक केसांचं अस्तर असतं. आत गेलेली धूळ ते सतत वर ढकलत असतं. अमोनियानं हे केस आधी मंदावतात, मग झडतात. शेडमधली धूळ म्हणजे तूस, पिसांचा कोंडा आणि वाळलेली विष्ठा, म्हणजे ई-कोलायनं भरलेली. ती थेट खाली उतरते. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नाही. फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पार पोटापर्यंत आणि पंखांच्या हाडांपर्यंत गेलेल्या असतात. त्यामुळे श्वासातून शिरलेला जंतू काळजा-कलेजीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. राणीखेत रोगावरच्या लासोटासारख्या जिवंत लसीनंतर पक्षी दोन-चार दिवस शिंकतात. त्याच दिवसांत हवा खराब असली तर अस्तराला दुहेरी मार बसतो. मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा आजार लावणारा दुसरा जंतू आधीच असेल तर विचारूच नका.

भावाला एक साधी परीक्षा सांगा. पहाटे पडदे वर करण्याआधी शेडमध्ये जायचं आणि मधोमध उकिडवं बसायचं, तोंड कोंबडीच्या उंचीवर येईल इतकं खाली. उभ्या माणसाला जे जाणवत नाही ते तिथे जाणवतं. डोळे चुरचुरले, नाकात झिणझिण्या आल्या तर अमोनिया मर्यादेबाहेर आहे. शेडमध्ये तो दहा लाखात वीस-पंचवीस भागांच्या खाली ठेवायचा असतो. अडचण अशी की रोज आत वावरणाऱ्याच्या नाकाला त्या वासाची सवय होते, म्हणून ही परीक्षा शेजाऱ्याला करायला लावलेली बरी. मग मूठभर तूस उचलून घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, सैल होऊन विस्कटला तर ठीक. ओलं तूस बहुतेक वेळा पाणी पिण्याच्या निपलच्या रांगेखालीच सापडतं. निपल गळत असेल नाहीतर पाइपची उंची चुकलेली असेल. डोस विकत आणण्याआधी पाना आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘पिल्लंच खराब होती’ याबद्दल. हे म्हणणं पहिल्या आठवड्याच्या मरतुकीला लागू पडतं. बेंबी नीट न मिटलेली, पोट फुगलेलं, फाडल्यावर आतला पिवळा बलक कुजकट वासाचा, असं असेल तर हॅचरीकडे बोट दाखवा. पण तिथेही ब्रूडिंगची ऊब कमी पडली होती का, हे आधी तपासा. पहिल्या दिवशी पिल्लांना ३२-३३ अंशांच्या आसपास उष्णता लागते; गारठलेलं पिल्लू बलक जिरवू शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाढणारी मर मात्र सहसा शेडच्या हवेची आणि पाण्याची असते. पिल्लं उतरल्यावर गुळाचं पाणी द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. द्यायला हरकत नाही, पण नंतर पाइप जोरात धुऊन काढायचे. नाहीतर आतल्या बुळबुळीत थरात जंतूंची चंगळ होते, आणि पुढे त्याच पाइपातून तुम्ही औषध सोडता.

औषधाचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसा तिथेच जातो. डोस पाण्यातून देतात. आजारी पक्षी कोपऱ्यात मान टाकून बसतो, पाण्याकडे कमीच जातो. म्हणजे ज्याला गरज त्याच्या पोटात कमी जातं आणि धडधाकट पक्षी भरपूर पितो. ज्याच्या काळजावर साय धरली आहे तो बहुधा वाचत नाही, त्याला वेगळा काढणंच शहाणपणाचं. शिवाय औषध जंतूनुसार बदलतं. मायकोप्लाझ्माला पेशीभिंतच नसते, त्यामुळे पेशीभिंतीवर घाव घालणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर वाया जातात. आणि अर्धवट डोसांना सरावलेले ई-कोलाय पुढच्या बॅचला त्याच शेडमध्ये वाट बघत असतात.

हे फक्त कोंबड्यांपुरतं राहत नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या अतिदक्षता विभागात अगदी शेवटी काढायचं औषध आपल्याकडे पोल्ट्रीत सर्रास वापरलं जायचं. या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे पोचवणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, पोल्ट्रीत आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. शेल्फवर जुना डबा असेल तर भावाला तो टाकून द्यायला सांगा. अमेरिकेनं २००५ मध्ये एन्रोफ्लॉक्सासिनला पोल्ट्रीतून बाहेर काढलं, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. कोंबड्या तिथेही वाढतातच. (दोन किलोची वाढ हार्मोनच्या इंजेक्शननं होते, ही व्हॉट्सॲपवरची बातमी खोटी आहे. ती निवड पद्धतीच्या पैदाशीची आणि खाद्याची करामत. पाच हजार पक्ष्यांना रोज सुई टोचायला माणसं कुठून आणणार?)

लस टोचून मोकळं का होता येत नाही, हेही कुणी विचारेल. प्रयोगशाळेत जंतू क्षीण करून केलेली पहिली लस कोंबडीच्याच रोगावरची होती. लुई पाश्चरनं १८८० च्या सुमारास ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर केली. पण ई-कोलायचे प्रकार असंख्य, आणि बॉयलरचं आयुष्य जेमतेम चाळीस दिवसांचं. एका प्रकाराची लस दुसऱ्याला अडवेलच असं नाही.

आता तुमच्या रूमवरची कोंबडी. कोंबडीला मारणारे जंतू आणि आपल्याला आजारी पाडणारे जंतू बहुतांशी वेगळे असतात. पांढरी हगवण लावणारा साल्मोनेला पिल्लांचा फडशा पाडतो, माणसाला सहसा काही करत नाही. उलट आपल्याला जुलाब लावणारे साल्मोनेलाचे इतर प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर हे ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यात निवांत राहतात. म्हणून कोंबडी ताजी, गुबगुबीत दिसते यावर विसंबू नका. फ्रीझरमध्ये जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत, त्यामुळे फ्रोजन कोंबडीलाही हेच नियम. ती ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये वितळवा. नळाखाली खळखळून धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या काकडी-टोमॅटोवर उडतात. मांडीच्या सांध्याशी आतपर्यंत ७४ अंश उष्णता पोचली की जंतू संपतात. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळचं मांस पूर्ण शिजलंय ना, ते बघा. आणि रियाधच्या उन्हाळ्यात दुपारचं कब्सा रात्रीपर्यंत बाहेर ठेवायचं धाडस करू नका.

तिकडच्या पोल्ट्रीचालकांपुढचं कोडंही फार वेगळं नाही. बंद शेड, ओले पॅड आणि मोठे पंखे लावून ते ४५ अंशांचा उन्हाळा काढतात. पण हिवाळ्यातल्या रात्री इंधन वाचवायला पंखे कमी केले की तिथेही अमोनिया साठतोच.

एक इशारा वेगळा. एक-दोन दिवसांत शेकडो पक्षी गेले तर ई-कोलाय म्हणून डोस देत बसू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी पक्षी फाडायचा नाही, हलवायचा नाही, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवायचं.

एरवी, पुढच्या बॅचला मर लागताच भावानं दोन-तीन आजारी आणि दोन नुकतेच मेलेले पक्षी पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात पाठवावेत. मेलेले पक्षी बर्फात ठेवून न्यायचे, गोठवायचे नाहीत. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं, हे तिथे तपासून मिळतं. पक्षी न्यायचे ते डोस सुरू करण्याआधी. औषध पोटात गेल्यावर नेले तर जंतू प्रयोगशाळेत वाढेलच याची खात्री नसते.